भागाबाईने मोडलेला नेम

भागाबाई आमच्या शेजारची. एरंडोलच्या बाजारात तिच्या तुपाला नाव होतं आणि गल्लीत तिच्या जिभेला. हे पुराण दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं. लग्नाला सात वर्षं झाली, मूल नव्हतं, आणि सासू यशोदाबाईंनी पारोळ्याची एक मुलगी हेरून ठेवली होती. कापूस वेचून झाला की सवत येणार, हे भागाबाईला रोज भाकरीसोबत वाढलं जायचं.

तोवर उपाय चालूच होता. पद्मालयाच्या गणपतीचा नेम. दर महिन्याला पाळीच्या चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की नेम सुरू. एक वेळ जेवण, सासूशेजारी घोंगडीवर झोप आणि नवऱ्याची रवानगी शेतात राखणीला. चांगला पंधरवडा असा जाई. मग देव खूश झाला असं धरून सून नवऱ्याच्या हवाली. नवरा, म्हणजे चुडामण, आईच्या शब्दाबाहेर नव्हता. झोपडीत घोरून सकाळी घरी यायचा आणि विचारायचा, "काही फरक पडना का?"

एका सकाळी म्हैस ओरडायला लागली. चुडामण भरल्या ताटावरून उठला. "माजवर शे ती. आज रेडाकडे नई नेली तं बठ्ठं वाया!"

भागाबाई बघतच राहिली. या माणसाला म्हशीची वेळ कळते! तिला स्वतःची वेळ ठाऊक होती. पाळीनंतर काही दिवस गेले की भेंडीच्या चिकासारखा ओलावा येई, ओटीपोटात एका बाजूला बारीक कळ येई, आणि तेव्हा ती नेमकी सासूच्या घोंगडीवर असे. ओलावा आटला की नेम सुटे. देवाकडे पोर मागायचं आणि पोर राहायच्या दिवसांत नवऱ्याला ज्वारी राखायला धाडायचं! तिला असा संताप आला की तव्यावरची भाकरी करपली.

पुढच्या नेमात ओलावा दिसताच ती भर दुपारी जेवण घेऊन शेतात गेली. चुडामण घाबरला. "मायले कळनं तं?"

"म्हैस काय तिन्ही मायले इचारीसन गई व्हती?"

त्या दुपारी बैलांना पाणी उशिरा मिळालं. त्या महिन्यात काही झालं नाही. पुढच्या नेमातही तिने जेवण पोचवलं, आणि पाळी चुकली.

मुलगा झाला. पारोळ्याचं स्थळ बारगळलं. बारशाला यशोदाबाई नेमाचं माहात्म्य सांगताना थकत नव्हत्या. शेजारच्या गिरधरची बायको मंदाबाई, म्हणजे माझी आई, पाच वर्षं रिकाम्या कुशीने सगळ्यांची बारशी खात होती. तिने हात जोडून नेम मागितला.

भागाबाईने आजवर तोंड शिवून ठेवलं होतं. नेम मोडल्याचं कळलं असतं, तर बाळाला येणारा पहिला ताप तिच्याच माथी मारला गेला असता. पण आईचा चेहरा तिला बघवेना.

"नको करू, मंदाबाई. मी नेम मोडा, तवय हाऊ पोऱ्या ऊना."

बायकांच्या हातातल्या घुगऱ्या हातातच राहिल्या. यशोदाबाईंनी सुनेचं कोपर धरून तिला स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लावलं. आता आपण बाळासकट घराबाहेर, असं भागाबाईने धरलं. पण सासू चुलीपुढे बसून हळू आवाजात म्हणाली,

"मीबी एकदाव मोडा व्हता. चुडामण तवयनाच शे."

"मंग माले का कराले लावा?"

"देव रागे भरना व्हई, आसं वाटे. तुन्हा नेमवर मन्हं पाप फिटी, म्हनीसन."

भागाबाईला आधी हसू फुटलं, मग रडू. "सात वरीस, आत्याबाई!" म्हणत तिने म्हशीच्या माजावरून आपल्याला वेळ कशी उमगली ते सांगून टाकलं. यशोदाबाईंना तिच्याकडे बघवेना. पदराने तोंड पुसून त्या उठल्या.

"जाय, मंदाले म्हैसनी गोष्ट सांग. पन मन्ही नको सांगू."

भागाबाईने दोन्ही सांगितल्या. पुढच्या वर्षी मी झालो. आई मला घेऊन पद्मालयाला गेली, पण आधी भागाबाईच्या गोठ्यात जाऊन तिने म्हशीला ओवाळलं.