हरलेल्या पैलवानाची सही
माझी सह्यांची पेटी उघडली की अजून लाल मातीचा वास येतो. कुस्त्यांच्या हँडबिलावरचे पैलवानांचे फोटो कापून मी पुठ्ठ्यावर चिकटवायचो अन् त्यावर त्यांच्या सह्या घ्यायचो. नेकनूरच्या जत्रेत एका नामी पैलवानापुढं पुठ्ठा धरला, तर म्हणाला, "लंगोट चढवल्यावर मी पेन धरत न्हाई. कुस्ती झाल्यावर ये." आणि नेमका तोच चितपट झाला. सगळे जिंकणाऱ्याकडं पळाले. हा चिंचेखाली एकटाच बसला, अंगावरची माती तशीच. माझा सोबती म्हणाला, "जाऊ नको बे, हात मोडंल त्यो." पण मला बोलावलं होतं, मी गेलो. त्यानं माझं मनगटच आवळलं. "चिडवायला आलास काय बे?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण पुठ्ठा सोडला न्हाई. म्हणलं, "कुस्ती झाल्यावर ये, असं तुमीच म्हणला व्हता. जिंकल्यावर ये, असं न्हाई." तशी त्याची पकड ढिली झाली अन् त्यानं पेन मागितला. सही वाकडी आली, शेजारी त्याचा मातीचा अंगठा उमटला. आजही पुठ्ठा पुसताना मी तेवढा अंगठा सोडून पुसतो. त्या दिवशी जिंकलेल्याची सही माझ्याकडं न्हाई. मी मागितलीच न्हाई.