कठीण वाटेला ते जाणार नाहीत

"सोपी की मध्यम?"

शनिवारी संध्याकाळी फोन वाजला की पलीकडून आधी हाच प्रश्न यायचा. हॅलो नाही, कसे आहात नाही. रविवारी आमचा गट कुठे चालायला जाणार हे ठरलेलं असायचं आणि त्या वाटेची इयत्ता कळव्याच्या बाईंना हवी असायची. सोपी म्हटलं की त्या येणार. मध्यम म्हटलं की चढ किती, दगड सुटे आहेत का, मध्ये बसायला जागा आहे का, अशी उलटतपासणी व्हायची आणि मग येणार. कठीण म्हटलं की लगेच उत्तर, "मग नको. तिथे ते गेलेच नसणार."

ते म्हणजे त्यांचे यजमान. मे महिन्यातल्या एका सकाळी कळव्याच्या घरातून बाहेर पडले ते परत आलेच नाहीत. विसरण्याचा आजार काही वर्षांपासूनचा. बाई आंघोळीला गेलेल्या आणि दाराला आतून कुलूप घालायचं नेमकं त्या दिवशी राहून गेलं. पोलिसांत तक्रार झाली, खांबाखांबावर फोटो चिकटले आणि पावसात धुऊन गेले. मुलगी कोल्हापूरहून आली, राहिली, परत गेली. नातेवाईक 'आता देवावर सोडा' म्हणायला लागले. बाईंनी देवावर सोडलं नाही. पावसाळा सरला तशा त्या आमच्या गटात दाखल झाल्या.

आमचा गट म्हणजे ठाण्यातली पन्नाशी-साठीची मंडळी. साखर, रक्तदाब आणि घरात आपलं कोणी ऐकत नाही, या तिन्ही दुखण्यांवर एकच औषध म्हणून जमलेली. येऊरचं जंगल, कोलशेतची खाडी, कधी पार मोहन्याकडे नदीच्या काठाने. वाटांना इयत्ता देण्याचं काम आमच्यातल्या एका निवृत्त इंजिनिअरांनी स्वतःकडे घेतलं होतं. सवलत नाही. कोणी लाडीगोडीने "सोपीच म्हणा की हो" म्हटलं तरी ते मध्यमला मध्यमच म्हणणार.

पहिल्याच रविवारी बाईंनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "मी तब्येतीसाठी नाही आलेय. ह्यांना शोधायला आलेय. बाईमाणूस एकटी जंगलात कशी जाणार, म्हणून तुमच्याबरोबर. चालेल ना?"

न चालायला काय झालं? आम्ही माना डोलावल्या. मनातून वाटलं होतं, बिचारी दोनचार रविवार येईल, दमेल, थांबेल. माणसाबद्दलचे आपले अंदाज किती स्वस्त असतात पाहा.

त्यांचा हिशेब पक्का होता. "डावा गुडघा बदललेला, उजवा बदलायचा राहिला. डॉक्टरांनी चढ बंदच सांगितलेला. जिना चढताना मध्ये बसायचे. म्हणजे गेलेत ते सपाटीनेच." एवढ्या महिन्यांत असा माणूस रानात कसा निभावेल, हे आमच्यातल्या कोणी विचारलं नाही. न विचारताच त्यांनी एकदा उत्तर दिलं, "कुणीतरी ठेवून घेतलं असेल. पाड्यावरची माणसं चांगली असतात, भाऊ."

त्यांच्या खांद्याला कापडी पिशवी असायची. तिच्यात यजमानांचा धुतलेला लेंगा-सदरा, एक टॉवेल आणि जेवणाचा डबा. सापडले तर आधी भूक लागलेली असणार, म्हणून डबा. चाल संपली की त्या टपरीपाशी डबा उघडायच्या आणि आमच्यापुढे धरायच्या. "खा, संध्याकाळपर्यंत नासेल." घावन असायचे, वालाचं बिरडं असायचं. आधी घास घशाखाली उतरत नसे. मग उतरायला लागला. खोटं कशाला बोलू, पुढे पुढे आम्ही घरून नाश्ता न करता येऊ लागलो.

येऊरच्या झाडीत मात्र गंमत व्हायची. वाट दाट झाडीत शिरली की बाई थांबायच्या, तोंडाभोवती हात धरायच्या आणि जोरात हाक मारायच्या, "अहो! अहो!" गटातले यच्चयावत पुरुष एकदम मागे वळायचे. मीही वळायचो. सवयच तशी, लग्न झाल्यापासूनची. पहिल्यांदा सगळे हसले. बाईही हसल्या. म्हणाल्या, "तुम्ही सगळे सापडलात हो. एक सोडून."

पुन्हा कोणी हसलं नाही. वळायचे मात्र सगळे.

एका रविवारी कोलशेतला खाडीच्या बांधावरून चाललो होतो. जाळं वाळत घालणाऱ्या एका कोळिणीला बाईंनी फोटो दाखवला. तिने हात पदराला पुसून फोटो घेतला, बराच वेळ पाहिला. "नाय बगला गो बाय," ती म्हणाली. मग विचारलं, "नावानं हाक मारतेस का? इसरलेला मानूस 'अहो' कसा वळखंल? तेची आय काय म्हनायची तेला?"

सगळ्या संसारात बाईंनी नवऱ्याचं नाव घेतलेलं नव्हतं. पोलीस चौकीत नाव विचारलं तेव्हाही शेजारणीला सांगायला लावलेलं. त्या बांधाच्या टोकाला गेल्या. चिखलातल्या तिवरांच्या झाडीकडे तोंड करून त्यांनी ते नाव एकदाचं उच्चारलं, एकेरी, लहान मुलाला जेवायला बोलवावं तसं. ओहोटीचा चिखल, चार बगळे, आणि तो आवाज. आम्ही सगळे जमिनीकडे बघत उभे राहिलो. त्यानंतर त्या कायम नावानेच हाक मारायला लागल्या.

डिसेंबरात आमची एक चाल पारसिकच्या डोंगरावर ठरली. बाईंच्या इमारतीमागचाच डोंगर. खालून वस्ती लागते, ती ओलांडली की वरचा टप्पा सरळ उभा. इंजिनिअरांनी शेरा मारला, कठीण. बाई आल्या नाहीत. आम्ही गेलो, छातीएवढ्या वाळल्या गवतातून धापा टाकत वर पोचलो, फोटो काढले, उतरलो. त्या दिवशी डोंगरावर हाक मारणारं कोणी नव्हतं.

होळीच्या सुमारास ते गवत पेटलं. दरवर्षी पेटतंच. आग विझल्यावर वस्तीतली माणसं वर गेली आणि माथ्याजवळच्या कातळापाशी त्यांना हाडं दिसली. त्यांत एक धातूचा गुडघा होता. त्यावरचा नंबर ऑपरेशनच्या कागदांशी जुळला.

मी भेटायला गेलो तेव्हा बाई स्वयंपाकघरात बसल्या होत्या. खिडकीतून तो डोंगर समोरच दिसत होता, काळा पडलेला. त्या रडत नव्हत्या. त्यांना राग आला होता, आणि तो स्वतःचाच.

"पोलादपूरकडचं गाव ह्यांचं," त्या म्हणाल्या. "लहानपणी गुरांमागे दिवसभर डोंगर चढलेले. मला विसरले, मुलीला विसरले, घर विसरले, सगळं मी धरून चाललेले. पण गुडघे दुखतात हेही विसरतील, हे माझ्या कसं डोक्यात आलं नाही? मी चहा करायची ना, तेव्हा ते इथेच होते, समोर. आणि मी आपली तुमच्याबरोबर सपाटीवर हाका मारत फिरत होते."

मी काहीबाही बोललो. वाईट याचं वाटतं की चाळीस वर्षं ज्या माणसाची दुखणी त्यांनी तोंडपाठ केली, त्या पाठांतरानेच त्यांना चकवलं. परक्या माणसाने कदाचित आधी तोच डोंगर बघितला असता.

आता त्या कोल्हापूरला मुलीकडे असतात. कळव्याचं घर बंद आहे. शनिवारी संध्याकाळी फोन येत नाही. आमचा गट चालतो, पण माणसं कमी झालीत. दाट झाडी आली की सगळे भरभर पाय उचलतात.

जाण्याआधी त्यांनी ती जागा बघायचीच म्हणून हट्ट धरला. मी आणि इंजिनिअर त्यांना घेऊन सकाळी लवकर निघालो. वस्ती ओलांडेपर्यंत त्या आल्या. पुढे उभा चढ लागला तशा झुडपं धरत, दगडांना हात टेकत थोड्या वर सरकल्या आणि मग एका दगडावर बसल्या. छातीचा भाता हलत होता. जराशाने म्हणाल्या, "मला नाही जमत, भाऊ. तुम्ही जाऊन या. मी इथे बसते."

आम्ही दोघे वर गेलो. जळलेलं गवत, राख, त्याच्या वर उघडा कातळ. झाड म्हणून कुठे नव्हतं, झुडूपसुद्धा नव्हतं. वर पोचेतो दहाच वाजले होते, तरी दगड हाताला चटके देत होता. आम्ही टोप्या काढून थोडा वेळ थांबलो आणि उतरलो.

बाईंनी दुरूनच विचारलं, "बघितलंत?"

"हो," मी म्हटलं. "वारा चांगला आहे वर. खाडी दिसते."

त्यांनी मान हलवली. मग खाली बघत, जरा संकोचून विचारलं, "सावली आहे का हो तिथे? मे महिना होता."

मी टोपी नीट करत म्हटलं, "आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग इंजिनिअरांकडे पाहिलं. तो माणूस वाटेबद्दल कधी खोटं बोलला नव्हता. त्याने घाम पुसला, बाईंच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, "आंब्याचं झाड आहे, वहिनी. जुनं. चांगली गार सावली पडते."

"मग बरं," बाई म्हणाल्या, आणि उठायला त्यांनी माझ्यापुढे हात केला.