हसनाबादला कॅमेरा नेणाऱ्यांनी ऐकावं

अक्काचा मुलगा वरंगलला गिरणीत कामाला लागला आणि दसरा झाला की आईलाही तिकडंच नेणार, असा निरोप हसनाबादहून आला. अक्का माझी थोरली बहीण. या वयात वरंगलला कोण जातं आणि तिकडून कोण येतं? पत्राचा उपयोग नाही, कारण ती लिहीत नाही आणि मी वाचत नाही. फोटो मात्र मला वाचता येतो. म्हणून ठरवलं, ती जायच्या आत तिचा फोटो काढून आणायचा.

फोटो काढायला जावई होते. हैदराबादेत कारकून आहेत, आणि फोटोचा नाद आहे. हे मी सांगते आहे आणि लिहून घेते आहे त्यांचीच लेक. तेव्हा मधे एखादा शब्द तिनं गिळला असला तर वाचणाऱ्यानं आपल्या मनानं घालून घ्यावा.

भादव्यात पाठीवर ओझं घेऊन पायी हिंडायचं असेल, तर काय न्यावं हे जावयांचं सामान बघून ठरवावं. त्यांनी नेलं ते नेऊ नये. सागवानी पेटीएवढा कॅमेरा, त्याला लोहाराकडं असतो तसा चामड्याचा भाता. तीन पायांची घोडी. डोक्यावर घ्यायला काळं कापड. वर काचांचं खोकं, कारण त्या कॅमेऱ्यात फोटो काचेवर उमटतो. आणि या सगळ्या लवाजम्यात एक लहानसा डबा कॅमेरा, आत फिल्मची गुंडाळी, एका हातात मावणारा.

"मंग हाच न्या की," मी म्हणलं.

"मामी, ते खेळणं आहे. खरा फोटो काचेवरच."

जालन्याहून राजूरपर्यंत सर्व्हिस मोटर जाते. सकाळची गाठावी, दुपारची भरल्याशिवाय हलत नाही. कंडक्टरनं पेटीवर हात ठेवला. "दादी, ये कौन है?"

"हे आमच्या जावयाचं लेकरू."

"लेकरू हो या बुढ्ढा, सीट पे बैठा तो आधा टिकट."

जावयांनी पेटी मांडीवर घेतली, तिकीट वाचवलं आणि राजूर येईस्तोवर दोन्ही पाय बधिर करून घेतले. उतरल्यावर ते कॅमेऱ्याच्या घोडीला धरून उभे राहिले. म्हणलं, चला, घोडी कामाला तरी आली.

राजूरला गणपतीचं दर्शन घ्यावं आणि पायथ्याशी भाकरी, ठेचा, दही खाऊन घ्यावं. पुढं पावसाळ्यात मोटर नाही, काळ्या रानातला चिखल आहे. चपला हातात घ्याव्या लागतात, आणि जावयांच्या हाताला तर जागाच नव्हती. हवा अशी की धुतलेलं लुगडं दुसऱ्या दिवशीही ओलंच. त्या दमटीनं लाकूड फुगलं आणि पेटीतला काच सरकवायचा खण अडकून बसला. एका बाभळीखाली बसून ते तो ओढू लागले.

"तूप लावू का?" मी विचारलं.

"नको."

"जावयाला लावतात, म्हणून विचारलं."

वाटेत खेळणं मात्र सारखं बाहेर. बैल दिसला, काढ. खचलेला पूल दिसला, काढ. चिखलात रुतलेली गाडी, काढ. मी म्हणलं, अक्कासाठी काहीतरी ठेवा. तर म्हणाले, अक्काबाईंचा फोटो महत्त्वाचा आहे, तो मोठ्यावरच काढायचा.

अक्कानं दारातच माझा दंड चाचपला. "वाळून चाललीस."

"तुझ्या जावयाचं सामान बघ, मंग बोल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला अंगणात बसवलं. तिनं इरकल नेसलं, कुंकू ठसठशीत लावलं. जावई काळ्या कापडात शिरले ते बराच वेळ बाहेरच येईनात.

"आत झोपले का काय गं?" अक्का ओठ न हलवता म्हणाली.

"हलू नका," कापडातून आवाज आला. अक्का हलली नाही. आयुष्यात तिला एवढी गप्प मी पहिल्यांदा बघितली. तीन काचा झाल्या. मग गोधडीखाली अंधार करून जावयांनी त्या परत खोक्यात भरल्या आणि अक्काच्या हातात देऊन बजावलं, "मावशी, उष्णतेनं खराब होतात. घरात सगळ्यात थंड जागा असेल तिथं ठेवा."

अक्कानं सांगितल्याबरहुकूम केलं. घरात सगळ्यात थंड जागा रांजणाखालची ओली वाळू. नागवेलीची पानं तिथं आठ-आठ दिवस टवटवीत राहतात. तिनं खोकं ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि पानांशेजारी नीट ठेवलं.

निघताना ते बाहेर आलं तर ठिबकत होतं. जावयांचा चेहरा उतरला, पण म्हणाले, "काही होत नाही." मग माझं तोंड सुटलं. असलं नाजूक बाळंतपण घेऊन पावसाळ्यात फिरतात का, आधी सांगायला काय झालं होतं, आता त्या खेळण्यावर तरी तिचा एक काढा. म्हणाले, त्यात एकच उरला आहे. तेवढ्यात अक्कानं त्यांना बाजूला ओढून कानात काहीतरी सांगितलं. मला वाटलं, कुरडयांचं गाठोडं देत असेल. मी बोलतच राहिले.

जालन्यात स्टुडिओवाल्यानं खोकं उघडलं. काचा एकमेकींना चिकटलेल्या, आणि सोडवताना वरचा थर दुधावरच्या सायीसारखा निघून आला. तीनही गेल्या. गुंडाळी मात्र झकास. बैल, पूल, गाडी, सगळे कसे टापटीप. आणि शेवटच्या फोटोत मी, तोंड उघडं, एक हात वर.

"हा कुणी काढायला सांगितला?"

जावई खाली बघत म्हणाले, "अक्काबाईंनी. म्हणाल्या, हिचा मला पाहिजे, हिला कळू देऊ नका."

परत जायला रस्ता नव्हता. नदीला पूर होता, आणि तो ओसरेपर्यंत अक्का वरंगलला गेली. माझा तो फोटो मी तिला पाठवला, आणि तिकडं स्टुडिओत जाऊन एक काढ म्हणून निरोप दिला. उलटा निरोप आला, "परक्या माणसापुढं मी बसत न्हाई. तुझा पोचला."

तर लहान कॅमेरा न्यावा, कोरड्यात ठेवावा, आणि बैलाआधी माणसाचा फोटो काढावा. माझ्याकडं त्याच फोटोची दुसरी प्रत आहे. माझाच चेहरा, दुसरा कुणाचा नाही. पण कपाळ आणि नाक दोघींना आईचं मिळालंय. दुपारी कुणी नसलं की मी फोटो हातात घेते आणि ते उघडं तोंड अंगठ्यानं झाकते. मग अक्का दिसते.