प्लेअर टू

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली आहे. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये मी क्वालिटीला आहे. माल मापाच्या गेजमध्ये बसला तर पास, नाहीतर रिजेक्ट... डोकंही तसंच झालंय. म्हणून हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. हसायचं त्यांनी हसा.

गेल्या वर्षी मी आणि बायको अश्विनी पुनावळ्यात भाड्याने राहत होतो. तिचा धाकटा भाऊ प्रसाद लातूरहून नोकरी शोधायला आमच्याकडे आला. पंचविशीचा, काडीसारखा, बोलायला गोड. कुणावर आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता.

त्याने माझ्या कॉम्प्युटरवर इम्युलेटर टाकला. म्हणजे पूर्वी टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचो ना, ते कॉम्प्युटरवर चालवायचा प्रोग्रॅम. त्यात एक मारामारीचा गेम होता. दोन गडी मिळून गुंडांना बडवत पुढे जायचं. पण आमच्याकडे हातात धरून खेळायचा पॅड एकच, म्हणून आळीपाळीने एकेकटे खेळायचो.

एका गुरुवारी सुट्टी होती. चहा पिऊन मी खेळायला बसलो आणि स्क्रीनवर दुसरा गडी उतरला. लाल बनियनवाला, प्लेअर टू.

मला वाटलं, कीबोर्डचं बटण दाबलं गेलं असेल. सेटिंग उघडली. प्लेअर टूच्या बटणांपुढे सगळं रिकामं. कीबोर्डची वायर काढली. तो उभाच. मग सावकाश माझ्या गड्याकडे वळला... तोंडावर दोन ठोसे, मग कॉलर धरून पाठीवरून मागे फेकला. मी उठलो की परत तेच. गुंड शेजारून निघून जायचे, त्यांना तो हातही लावायचा नाही. फक्त मला.

"दाजी, द्या बरं मला," प्रसाद म्हणाला.

त्याच्या हातात पॅड गेला आणि लाल बनियनवाला गुंडांना मारायला लागला. प्रसादला एक ओरखडा येऊ देईना.

"बघा की दाजी! तुमच्यावरच राग दिसतो त्याचा," तो हसत म्हणाला. मीही हसलो. सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी गडबड असणार, एवढंच डोक्यात.

त्यानंतर प्रसाद बदलला. इंटरव्ह्यूला जाईना. जेवायला हाक मारली तर ओ देईना. एकदा अश्विनीने मला कंपनीत फोन केला, अगदी हळू आवाजात. "अहो, हा आत कुणाशी तरी बोलतोय. मोबाईल तर इथं माझ्यापुढं पडलाय."

दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट करून दुपारी आलो. खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं. प्रसाद खुर्चीत बसलेला, दोन्ही हात मांडीवर. पॅड टेबलावर पडलेला. आणि स्क्रीनवर दोघंही खेळत होते... दोघंही!

"प्रसाद, बंद कर ते."

"तू बाजूला हो."

लग्न झाल्यापासून या पोराने मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. मी कॉम्प्युटरचं भिंतीवरचं बटण बंद केलं.

तो उठला. तोंडावर दोन ठोसे बसले. मग त्याने माझी कॉलर धरली आणि मला पाठीवरून मागे फेकलं. माझं वजन त्याच्या दीडपट असेल! कपाटावर आपटलो आणि खांद्यापाशी कट् आवाज झाला. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून अश्विनी किंचाळत होती. आणि प्रसाद माझ्याजवळ बसून घाबराघुबरा होऊन विचारत होता, "दाजी, पडलात का? काय झालं?"

गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. सासूबाई दवाखान्यात आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "माझं लेकरू असं करणार नाही. तुम्हीच आधी हात उचलला असेल." प्रसादला त्या घेऊन गेल्या. अश्विनीने सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, पण आईपुढे ती गप्प राहिली. ते अजून आमच्यात आहे.

घरमालक तात्या मूळचे तिथलेच. खोलीत पूर्वी कोण राहायचं, काही झालं होतं का, असं मी त्यांना विचारलं.

"हितं आमचं ज्वारीचं रान व्हतं," ते म्हणाले. "कोन मेलं न्हाई, कोन जलमलं न्हाई. बिल्डिंग बांधली आन पयले भाडेकरू तुमीच. पन आता खोली सोडा. आमची बी लेकरंबाळं हायती."

खोली सोडली. कॉम्प्युटरची हार्डडिस्क कंपनीत नेऊन प्रेस मशीनखाली चिरडली.

या उन्हाळ्यात लातूरला एका लग्नात प्रसाद भेटला. मांडवामागे नेऊन त्याने माझे दोन्ही हात धरले आणि रडायला लागला.

"दाजी, सगळे म्हणतात मी तुम्हाला मारलं. पण मी खुर्चीतून उठलोच नव्हतो हो. खुर्चीतच बसून मी बघत होतो. समोर तुम्ही दोघं..."

"दोघं? दुसरा कोण?"

"त्याची पाठ होती माझ्याकडं," तो म्हणाला.

खोटं बोलताना प्रसादला मी ओळखतो. तो खोटं बोलत नव्हता. पण ठोसे मारणारा चेहरा मीही समोरून पाहिला होता, आणि तो प्रसादचाच होता. या दोन गोष्टी एकत्र कशा बसतात, मला आजही सांगता येत नाही.