मुखपृष्ठावरचे निवांतराव

तिच्या नवऱ्याला सगळं गाव निवांतराव म्हणायचं. कामाचं नाव काढलं की त्यांची कंबर धरायची. तरी ‘कष्टकरी’ म्हणून मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकले ते हेच.

यात फोटोग्राफरचा तसा दोष नव्हता. गावकऱ्यांचं रोजचं राबणं टिपायला तो दर हंगामात शहरातून यायचा, पण राबणारी माणसं त्याच्यासाठी थांबतील तेव्हा ना! निवांतराव मात्र हवा तितका वेळ थांबायचे. बायकोचा विळा हातात घेऊन बांधावर असे बसायचे, की बघणाऱ्याचा जीव कळवळावा. कपाळावरच्या त्या आठ्या उन्हात डुलक्या काढून पडल्यात, हे कॅमेऱ्याला कोण सांगणार?

बायकोला त्यांच्या कौतुकाचं काही वाटत नव्हतं. तिला फक्त स्वतःचा एक फोटो हवा होता. लांब दिलेली लेक कधीची मागत होती आणि घरात आईचा एकही फोटो नव्हता. फोटोग्राफर आला की ती आशेनं केस सारखे करायची, तेवढ्यात गोठ्यातून म्हैस रेकायची. की झालं, निघाली लगबगीनं.

ते मासिक लेकीच्या हाती पडलं आणि तिचा फोन आला.

“आई, बाबांच्या मागे भारा घेऊन चाललीयस ती तूच ना? पाठीवरून ओळखलं मी.”

“पाठ काय बघतेस? तोंड कुठंय माझं त्यात?”

“तोंड मी तरी कधी नीट पाहिलंय गं? तू थांबलीसच कधी?”

हे तिच्या जिव्हारी लागलं.

पुढच्या खेपेला फोटोग्राफर दिसताच तिनं डोक्यावरचा चाऱ्याचा भारा अंगणात टाकला, तोंड धुतलं आणि स्टूल घेऊन त्याच्यासमोर बसली.

“काढा, साहेब.”

“काम करतानाचा हवा, मावशी. नैसर्गिक.”

म्हैस रेकू लागली. बायको काही उठेना, तेव्हा निवांतरावांचा नाइलाज झाला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी भारा उचलला, चार पावलांत घामाघूम झाले, आणि कॅमेरा झटकन तिकडे वळला.

“वा, काय मेहनत आहे! मावशी, जरा सरका, मध्ये येताय.”

“येणारच,” म्हणत तिनं स्टूल आणखी पुढे ओढलं. “लेकीला माझं तोंड पाठवायचंय. ह्यांचा भारा गोठ्यात पोचेपर्यंतच बसलेय मी, मग मला वेळ नाही. काढा लवकर.”