चाबी ठेवायचं घर

नरखेडच्या स्टँडवरून एसटी निघायला लागली तेव्हा आईनं खिडकीतून संत्र्यांची पिशवी आत ढकलली आणि बजावलं, "चाबी ठेवासारखं एक घर पहिले पाहजो वं. मंग बाकीचं." मला हसूच आलं. आमच्या खेड्यात शेतात जाताना कुलपाची चाबी शेजारी द्यायचीच. आपल्याजवळ ठेवली तर शेजारीण चार दिवस तोंड फुगवून बसायची. पण शहरात कोण कोणाचं, असं मला वाटायचं.

नागपुरात नंदनवन वस्तीत आलो आणि महिन्याभरात ते घर सापडलं, भिंतीला भिंत लागून. शाहीनभाभीचं. आमचे हे सकाळीच कळमन्याला संत्र्यांच्या लिलावाला जायचे, मी शाळेत शिकवायला, आणि चाबी भाभीच्या फ्रिजवरच्या स्टीलच्या डब्यात. बारा वर्षं. एकदा मी गॅस चालू ठेवून निघून गेले, तर तिनंच कुलूप उघडून बंद केला आणि वरून मलाच झापलं. ईदचा शिरखुर्मा, दिवाळीचा चिवडा, हे तर लोक भाषणातही सांगतात. आम्ही भांडायचोही, पाण्याच्या मोटरवरून तर कडाकडा. चाबी मात्र डब्यातून हलली नाही. वेगवेगळ्या धर्मांच्या माणसांनी सोबत राहायचं म्हणजे काय, असं कोणी विचारलं असतं तर मी तो डबा दाखवला असता.

यंदा सणाच्या आधी गल्लीतले चार-पाच जण झेंडे घेऊन आले. ओळखीचेच होते. मी चहा पाजला, फाटकावर चढायला माझाच स्टूल दिला. देवाचाच तर झेंडा, त्यात काय! सण संपला, झेंडे तसेच राहिले. मग समोरच्या मेश्राम काकूंनीही आपला पंचशीलाचा ध्वज लावला. घर कोणाचं ते दिसलेलं बरं, म्हणाल्या. अख्ख्या गल्लीत एकच फाटक बोडकं राहिलं, भाभीचं. एका दुपारी कोणीतरी अनोळखी माणूस मोटरसायकल हळूहळू चालवत एकेका फाटकाचे फोटो काढून गेला. कशाला, ते कोणी विचारलं नाही. मीही नाही.

त्याच संध्याकाळी भाभी आली. बसा म्हटलं तर दारातच उभी राहिली आणि चाबी माझ्या हातावर ठेवली.

"ताई, आता तुमच्याजवळच असू द्या. उद्या काही इकडचं तिकडं झालं तर नाव आमचंच येईन."

"काहून असं बोलता भाभी?"

ती वर झेंड्याकडे पाहत राहिली, मग गेली. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी झेंडा उतरवायला निघाले. हे म्हणाले, राहू दे, उगाच नजरेत येशील. मी चिडले, वाट्टेल ते बोलले, स्टूल घेऊन बाहेर गेले. वर चढण्याआधी गल्लीच्या दोन्ही टोकांना पाहून घेतलं, कोणी बघत तर नाही. माझ्याच दारात उभं राहून! मग स्टूल उचलून गुपचूप आत आले.

तुम्ही आमच्या गावचे, तिथंच राहिलेले आणि माझ्यासारखे निघून आलेलेही, विचारता की नागपूर आता आपलं वाटतं का. काय सांगू? आई अजून फोनवर विचारते, बाहेर जाताना चाबी देतेस ना. मी हो म्हणते. चाबी माझ्या पर्समध्ये असते. आणि चार दिवसांपासून भिंतीपलीकडून खोके ओढल्याचा, चिकटपट्टी फाडल्याचा आवाज येतो आहे. भाभी सामान बांधून राहिली आहे, आणि कुठं जाणार हे तिनं मला सांगितलेलं नाही.