आईच्या खोलीतला दुसरा लॉट

इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटची फरशी बदलायची ठरली तेव्हा माप मी स्वतः घेतलं. कापण्यात वाया जाणारी फरशी धरायची राहून गेली आणि शेवटच्या खोलीला माल कमी पडला. ती खोली आईची. आई गावी, सायखेड्याला, माझ्या धाकट्या भावाकडे राहते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती येणार होती आणि नंतर इथंच राहावी असं मला फार वाटत होतं. ती मात्र सांगून बसली होती, "एक डोळा झाला की मी माझ्या घरी."

दुकानातून त्याच नावाची, त्याच मापाची आणखी खोकी आणली. फरशी बसवणाऱ्या मिस्त्रींनी फोडण्याआधी खोक्यावरचा शिक्का वाचला. "साहेब, शेड नंबर निराळा हाय. लॉट बदललाय."

ट्यूबलाइटखाली मला दोन्ही फरश्या सारख्याच दिसत होत्या. गॅलरीतल्या उन्हात शेजारीशेजारी ठेवल्या तेव्हा फरक कळला. जुनी सायीसारखी पिवळसर, नवी निळसर पांढरी. मी त्यांच्या जागा बदलल्या, फिरवून पाहिल्या. एकेकटी हातात घेतली तर कुठली कुठल्या लॉटची, सांगता येईना. दुकानदार फोनवर म्हणाला, भट्टीत थोडं इकडंतिकडं होतंच. पण एकटी असताना न दिसणारा रंग शेजारी दुसरी आली की कुठून येतो, याचं मला नवल वाटत राहिलं.

"दोन्ही लॉट मिसळून लावू," मिस्त्री म्हणाले. "पट्टा दिसायचा नाय. निवडायला एक दिवस जास्ती जाईल, एवढंच."

"आहे तशी लावा. आईला मोतीबिंदू आहे, तिला काय कळणार?"

हे मी बोललो. तेही इतक्या सहज, की मिस्त्रींनी लगेच सिमेंट कालवायला घेतलं. खोलीच्या मधोमध रंगाची सीमा पडली.

आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डावा पुढच्या महिन्यात करू, असं डॉक्टर म्हणाले, त्यावर ती "एक बास झाला" म्हणून मोकळी झाली. पट्टी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला हाक मारली. ती कॉटवर पाय सोडून बसली होती. खोलीत ऊन आलं होतं.

"ही खोली दोघा भावांनी वाटून घेतली का रं?"

मी सारवासारव करायला तोंड उघडलं. ती मात्र भलत्याच नादात होती. एकदा हा डोळा झाकायची, एकदा तो.

"ह्या डोळ्यानं पट्टा दिसतो. ह्यानं नाय. ह्याला सगळीच फरशी चहा सांडल्यावानी दिसती."

मलाही राहवेना. उरलेल्या फरश्या आणून मी तिच्यापुढं जोड्या मांडू लागलो, कधी एकाच लॉटची जोडी, कधी वेगळ्या. नव्या डोळ्यानं ती दर वेळी बरोबर सांगायची. जुना डोळा प्रत्येक जोडीला सारखीच म्हणायचा.

"हा डोळा तुझ्या बाजूचा हाय," ती हसत म्हणाली. मग हसणं थांबलं. "हॉलमधी तर असं नाय. मग इथंच का?"

"माल कमी पडला होता. मिस्त्री मिसळून लावतो म्हणाले, मी नको म्हणालो." मग पुढचंही बोललो, "तुला दिसणार नाही असं वाटलं."

तिनं पायानं पुढ्यातली जोडी सरकवून अलग केली.

"तवा दिसत नव्हतंच. पण मंग डोळा कशाला करून दिला?"

मी म्हणालो, "उखडून परत लावतो."

"आणि फोड सगळ्या. परत दुकानात जा, परत तिसराच रंग आण."

"मग राहशील का इथं?"

तिनं पुन्हा डावा डोळा झाकला, उघडला. उजवा झाकला, उघडला.

"भावाला फोन लाव. माझी चार लुगडी पाठव म्हणावं."

"चारच?"

"हा दुसरा डोळा झाल्यावर त्याला काय दिसतंय ते तर बघू आधी."